मकरंदपंतांनी दोघां बंधूंस मुकी जहागीर दिली त्याची हकीकत

श्रीनादेश्वर समर्थ. ऐकणारांचे दोन्ही कान शाबूत असोत आणि सांगणाराचा घसा ओला असो. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथीनाम संवत्सरे, कार्तिक मासी, या राज्यात 'भडका' नामे रॉक वाजविणारांच्या फौजेने आपली कॅसेट काढण्याची मोहीम मांडिली, ते समयी मकरंदपंत उकिडवे यांनी ध्वनिमुद्रणाचा कारभार कैसा केला आणि फौज फुटता फुटता कैसी राखिली, ते साद्यंत निवेदन करितो.

पंतांचे तीर्थरूप लग्नेमुंजी लावणारे भटजी. एके लग्नी मंगलाष्टके ऐन रंगात आली असता माइक ऐसा किंचाळला की घोडा उधळला आणि वरमाय पाटावरून घसरली. मंडपवाला हात जोडून उभा राहिला. मग पंतांनी, वय लहान, परंतु तीर्थरूपांस खांद्यास धरून कर्ण्यापुढून जरासे बाजूस सरकविले, तो किंचाळी बंद. तीर्थरूप घरी येऊन बोलिले, "मकरंदा, तुझे चित्त मंत्रात नाही, तारेत आहे." आणि पंतांनी पळीपंचपात्र ठेविले ते ठेविलेच. मग मंडपांची चाकरी केली, मग वाद्यवृंदांची केली, आणि एकदा कॉलेजाचे पटांगणी विजेच्या गिटारीचा कडकडाट ऐकिला तेव्हा सर्वांगी काटा उभा राहिला, आणि मग शहरी जाऊन एका स्टुडिओत उमेदवारी केली आणि पुढे तेथील मुख्य जाहले. कान ऐसा की बंद दाराआडून कोणाची कोणती तार उतरली ते सांगत. परंतु कानाहून जीभ थोर. कोणी कितीही बेसूर गायिले तरी वाईट म्हणून म्हणावयाचे नाही. "फारच सुंदर. आता आणखी एक म्हणा, घरी ठेवावयास," ऐसे म्हणत, आणि गाणारा संतोषाने पुन्हा म्हणे, आणि पंत पहिले हळूच पुसून टाकीत.

तो भडक्याची मोहीम आली. या फौजेत गिटारीचे सरदार दोघे, सख्खे बंधू, थोरले दौलतराव ढमढेरे आणि धाकटे उमाजीराव. गाणाऱ्या तिलोत्तमाबाई, आणि ड्रम बडविणारे मुजावर, ते मितभाषी. बंधूंचे वडील वारल्यापासून उभयतांत वितुष्ट. एकाच गाडीतून येत आणि दोन खिडक्यांतून बाहेर पाहात. यापूर्वी दोघे रेकॉर्डिस्ट या मोहिमेवर नेमिले होते, पैकी एकाने गावी शेती धरिली आणि दुसरा कोठे गेला ते कळत नाही. कॅसेट कंपनीचे धनी रावसाहेब यांनी पंतांस निक्षून सांगितले की, "मार्गशीर्ष लागण्यापूर्वी कॅसेट हाती आली तर आली, नाहीतर भडका विझला आणि तुम्ही पुन्हा मंडपात." पंतांचे तोंडचे पाणी पळाले, परंतु मुद्रा हसरी ठेविली.

मुद्रण सुरू जाहले आणि पहिल्याच दिवशी दौलतराव पंतांस एकांती गाठून बोलिले, "पंत, माझी गिटार तेवढी तसूभर वर घ्या. धाकट्यास सांगू नका." पंतांनी घेतली. मग उमाजीराव चहाचे मिषे आले आणि बोलिले, "दादांची वर गेली ऐसे वाटते. माझी त्याहून अंमळ वर असावी." पंतांनी तीही घेतली. मग थोरले, मग धाकटे, मग पुन्हा थोरले, ऐसे करिता करिता दोन्ही गिटारी ऐशा चढल्या की भिंतीवरचे घड्याळ खाली आले, आणि शेजारच्या दंतवैद्यांनी निरोप पाठविला की रोग्यांचे दात आम्ही हात लावण्यापूर्वीच हलू लागले आहेत. तिलोत्तमाबाई काचेआड उभ्या राहून जीव तोडून गात होत्या, त्यांचा एक शब्द ऐकू येईना. त्या हेडफोन आपटून बाहेर आल्या आणि बोलिल्या, "पंत, मी गाते आहे की नुसती जांभई देते आहे? एवढे सांगा, म्हणजे मी घरी जाऊन निजून जांभई देईन." पंतांनी पाहिले की बाई गेल्या म्हणजे सर्व गेले.

मग पंतांनी खलबत केले, ते आपल्याशीच. अडगळीतून एक लोखंडी पेटी काढिली, तीस दोन गोल बटणे बसविली, वर लाल दिवे लाविले, आणि पेटी मिक्सराशेजारी ठोकून दिली. आत तार म्हणून नाही. बटण कितीही पिळा, दिवा तेवढा लागे, आवाजास खबर नाही. मग दोघां बंधूंस पाचारण करून पंत बोलिले, "सरदार, आजपासून ज्याची गिटार त्याचे हाती. उजवे बटण दौलतरावांचे, डावे उमाजीरावांचे. मी मध्ये पडणार नाही." नारळ फोडिला, बटणांस कुंकू लाविले. ऐसी जहागीर दिली की सनद मोठी आणि वसूल काही नाही. दौलतरावांनी बटण पिळिले, डोळे मिटिले आणि बोलिले, "हां, आता आले अंगावर!" उमाजीराव कानांवर हात ठेवून ओरडिले, "दादा, कमी करा! पडदे फाटतील!" आणि आपले बटण पिळिले, तो दौलतराव गरजले, "गाढवा, भिंत पाडतोस काय?" पंतांनी इकडे दोन्ही गिटारी निमूट खाली घेतल्या आणि बाईंचा आवाज वर काढिला. युद्ध तुंबळ चालले आणि काम नीट होऊ लागले. परंतु पंतांचे मन खात असे. भल्या माणसांस आपण लहान मुलांसारखे खेळवितो, हे उघडकीस आले तर तोंड कोठे लपवावे, ऐसे म्हणून जेवण गोड लागेना.

अखेरचे गाणे चालले असता उमाजीराव चहास गेले आणि दौलतरावांनी बटण ऐशा त्वेषाने पिळिले की ते उपटून हाती आले आणि पेटी कलंडली. आत पाहावे तो रिकामी, मध्ये एक झुरळ. पंत हात जोडून बोलिले, "सरदार, अपराध माझा." दौलतरावांनी दाराकडे पाहिले आणि कुजबुजून बोलिले, "पंत, क्षमा मग मागा, आधी हे बसवा! उमाजी येईल. त्याने पाहिले तर हिरमुसेल." पंत चकित जाहले. पुसिले, "म्हणजे आपणांस ठाऊक होते?" "पहिल्या दिवसापासून. मी गिटार वाजवितो, बहिरा नाही. परंतु बाबा गेल्यापासून तो माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हता. आता निदान रोज 'दादा, कमी करा' म्हणतो." ऐसे म्हणून नाक पुसिले आणि बाहेर गेले. पंत बटण चिकटवीत आहेत तो उमाजीराव आले, पेटी पाहून दचकले आणि बोलिले, "दादांनी आत पाहिले काय? नाही ना? पंत, त्यांस कळू देऊ नका. मला शिवी देताना ते हुबेहूब बाबांसारखे दिसतात. तेवढ्यासाठी मी बटण पिळितो." पंत मटकन खुर्चीवर बसले. मग काचेकडे पाहिले, तो तिलोत्तमाबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. बोलिल्या, "मुजावरांसही ठाऊक आहे." मुजावरांनी मान डोलविली. सर्व फौजेत आपणच एक फसलो, ऐसे पंतांस उमगले, आणि त्या दिवशी पंत दोन ताटे जेविले.

कॅसेट मुदतीत निघाली. बाईंचा शब्दन् शब्द राज्यात ऐकू गेला आणि रावसाहेबांनी पंतांस शाल दिली. गिटारी अशा गोड कैशा लागल्या, ऐसे कोणी पुसिले म्हणजे दोघे बंधू आपापल्या बटणास श्रेय देत, आणि एकमेकांकडे पाहात नसत. पुढे उभयता एका घरी राहावयास गेले. मग पाडव्याचे सुमारास दौलतरावांच्या कुटुंबाने पंतांस फोन केला तो ऐसा: "भावजी, तुमची कृपा, दोघे बोलू लागले. आता सकाळपासून टीव्हीच्या आवाजावरून बोलत आहेत. दोन निकामी रिमोट करून द्या, आणि खरा माझे हाती असू द्या." पंतांनी दिले.

सारांश, मकरंदपंतांनी पुढे बहुत फौजा राखिल्या, बहुत कॅसेटी काढिल्या, नावलौकिक जाहला. घरोघरीही रिमोट करून देत, त्याचा हिशेब या लेखकास मिळाला नाही. येथे आवाज खाली घेतला. ऐकणारांस आरोग्य असो.