आनाक्लेतोची बोहनी

बेनिताचा पाय मुरगळला आणि आनाक्लेतोचं नशीब उघडलं. तीस वर्षांच्या संसारात क्लिसा गावच्या रविवारच्या बाजाराला एकटं जायची त्याला कधी परवानगी मिळाली नव्हती. आजची फेरी नीट पार पडली, तर पुढचे सगळे रविवार त्याचे होणार होते. आनंदाने त्याला रात्रभर झोप नाही.

"सरळ डोन्या सातुर्नीनाकडे जायचं," बेनिताने खाटेवरून दम भरला. "बावीस वर्षांपासूनची माझी कासेरा, माझी ठरलेली बटाटेवाली आहे ती. चांगला बटाटा माझ्यासाठी बाजूला ठेवते. मी आजवर दुसरीच्या बटाट्याला हात लावलेला नाही. ती रुसली ना, तर बाजाराचं नाव काढायचं नाही म्हाताऱ्या!"

उत्साहाच्या भरात तो सहालाच पोचला आणि तिथेच घात झाला. बटाटेवाल्यांची रांग नुकती मांडली जात होती, सातुर्नीना अगदी टोकाला बसायची. पहिल्याच ढिगात जांभळे, लाल, पिवळे बटाटे बघून तो हरखला आणि भाव विचारून बसला.

"बोहनीच्या वेळी भाव विचारलात, कासेरो," ढिगामागची रुफिना त्याला नेहमीच्या गिऱ्हाइकासारखी हाक मारत म्हणाली. "आता तसेच गेलात तर माझा अख्खा दिवस वाया जाईल."

बोहनी मोडण्याचं पाप कोण घेणार? त्याने चार किलो घेतले. रुफिनाने नोट कपाळाला लावून क्रूसाची खूण केली. ते बघून शेजारची तोमासा म्हणाली, "हात गुणाचा दिसतोय. माझीही करून जा की!" तिच्याकडचे चार किलो झाल्यावर तिसरीने त्याची बाहीच धरली.

बारा किलो बटाटे घेऊन सातुर्नीनासमोर उभं राहायचं कसं? त्याने तिन्ही पिशव्या मक्याचं गरम पेय, आपी, विकणाऱ्या बाईच्या टेबलाखाली सरकवल्या.

"ठेवा, ठेवा," ती म्हणाली. "इथे बऱ्याच जणांच्या असतात."

त्याने जांभळी आपी प्यायली, चीज भरलेला पास्तेल खाल्ला आणि मोकळ्या हाताने सातुर्नीनासमोर गेला.

"आलात? बेनितासाठी बोहनी थांबवून ठेवलीय मी! दोन गिऱ्हाइकं परत पाठवली." तिने निवडक बटाटे तोलले आणि वर मायेने सहा जास्तीचे घातले. आनाक्लेतोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागून आरोळी आली, "अहो कासेरो! तुमच्या तीन पिशव्या बटाटे राहिले की इथे!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. सातुर्नीनाने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पिशवीत हात घातला आणि वर घातलेले सहाही बटाटे एकेक करून परत घेतले.

घरी येऊन त्याने चारही पिशव्या बेनिताच्या खाटेपाशी ठेवल्या आणि मान खाली घातली. बेनिताने एकेक बटाटा हातात घेऊन बघितला.

"हा रुफिनाचा. हा तोमासाचा, माती बघ कशी लालसर आहे. आणि हा त्या बाही धरणारीचा."

"तुला कसं कळलं?"

बेनिता गडबडली. "पिशव्या कुठे ठेवल्या होत्यास?"

"आपीवालीच्या टेबलाखाली. तिनेच ओरडून सांगितलं."

"परत?" बेनिता कडाडली. "बजावलं होतं मी त्या बाईला, ओरडायचं नाही म्हणून!"

आनाक्लेतोने हळूच मान वर केली.

"सातुर्नीनाने किती परत घेतले?" तिने भिंतीकडे बघत विचारलं.

"सहा."

"मग फारशी रागावलेली नाही. माझ्या वेळी दहा काढले होते."

"पुढच्या रविवारी मी जाऊन तिची समजूत काढतो," आनाक्लेतो म्हणाला. "त्याच्या पुढच्याही रविवारी."

बेनिताने एका पिशवीतले बटाटे खाटेखाली ओतले. तिने रिकामी पिशवी झटकली, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.