जालना रोडवरची हाक

दत्तोपंतांनी आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि तीही स्वतःबद्दल नाही.

भूमी अभिलेख कार्यालयात त्यांची सगळी नोकरी गेली, पण त्यांचा आवाज कधी शेजारच्या टेबलापलीकडे गेला नाही. चहावाला त्यांच्या ओठांकडे बघून चहा आणायचा. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या पुस्तकांच्या खोलीत शिरले आणि तिथंच रमले. असा माणूस एका सकाळी फिरायला गेलेला असताना प्लॉटिंगवाल्या साहेबरावांची वाट अडवून म्हणाला, "माझ्याकडे एक आवाज आहे. ऐकणारा येणार म्हणजे येणारच."

साहेबरावांनी मागं वळून पाहिलं. त्यांना वाटलं, दुसरंच कुणी बोललं.

साहेबराव मूळचे शेतकऱ्याचे. आता शहराबाहेर जालना रोडला करमाडच्या अलीकडे त्यांनी जमीन घेऊन प्लॉट पाडले होते आणि रविवारी उद्‌घाटन होतं. रिक्षावर भोंगा लावून जाहिरात फिरवायची होती, त्यासाठी पुण्याहून एका बाईंचा आवाज मागवायचा विचार चालू होता.

"कुणाचा आवाज, पंत? तुमचा?"

"छे छे," दत्तोपंत एवढे दचकले की त्यांचा चष्मा घसरला. "आमच्या वरच्या खोलीत राहते त्या सृष्टीचा."

सृष्टी धनगराच्या घरातली. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकली आणि काम शोधत शहरातल्या गारखेड्यात दत्तोपंतांच्या घरी भाड्यानं राहिली. तिच्या गळ्यात काय काय होतं याचा पत्ता सर्वांत आधी दत्तोपंतांच्या पत्नीला, अनसूयाबाईंना लागला. वरच्या खोलीत सासू-सुनेचं कडाक्याचं भांडण ऐकून त्या सोडवायला गेल्या. पाहतात तर पोरगी एकटीच, पलंगावर मांडी घालून शेंगा खात होती. अनसूयाबाई बऱ्याच वेळानं खाली येऊन म्हणाल्या, "भांडण संपेपर्यंत मी उगीच थांबले का? सुनेचं चुकत होतं हो."

त्या दिवसापासून दत्तोपंत त्या मुलीकडे नव्या कोऱ्या ग्रंथाकडे बघावं तसे बघत. म्हातारी, पोर, बसचा कंडक्टर, रडकं बाळ, सगळे तिच्या एका गळ्यात नांदत होते. पण काम मिळेना. जिथं आवाज पाठवावा तिथून एकच उत्तर येई: आवाज उत्तम, भाषा जरा गावाकडची. मग भाषा घासूनपुसून देण्याचं काम दत्तोपंतांनी अंगावर घेतलं. जन्मभर न बोललेल्या माणसानं बोलायला शिकवावं, याची त्यांना मनातून लाज वाटायची. पण शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं.

वेळही फारसा नव्हता. तिचे वडील सोनाजी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "यंदा काम नाय मिळालं तर माघारी ये. मेंढरं तुझ्याबिगर कुणाचं ऐकंनात. तुझ्या आईचे गुडघे गेलेत, माझा दम गेलाय. अन् मला एक सांग, नुसतं बोलायचे पैसे कोण देतं का?"

साहेबराव म्हणाले, "बरं, ऐकवा तुमचा आवाज. आवडला आणि रविवारी माणसं आली, तर वर्षभराच्या सगळ्या जाहिराती तिच्या."

पुस्तकांच्या खोलीत आवाज घुमत नाही, म्हणून ध्वनिमुद्रण तिथंच झालं. मजकूर दत्तोपंतांचा. 'निसर्गाच्या सान्निध्यात विसावलेल्या या रम्य परिसरात आपल्या स्वप्नांना साकार रूप देण्यासाठी' असं सुरू होऊन ते वाक्य बऱ्याच वेळानं थांबत होतं. सृष्टीनं ते असं म्हटलं की दत्तोपंतांना स्वतःचं वाक्य ओळखू येईना.

साहेबरावांनी डोळे मिटून ऐकलं. "पंत, आवाज सोन्यासारखा आहे. पण हे ऐकून माणूस सावधान उभा राहील. येणार नाही."

दत्तोपंतांचा चेहरा उतरला. ते मजकूर बदलायला बसणार, तेवढ्यात सृष्टी म्हणाली, "काका, लोकांना बोलवायचंच आहे ना? मग आधी हाक मारते. आमच्या रानात मारतात तशी. त्याच्यामागं तुमचा मजकूर येऊ द्या."

तिनं खिडकीकडे तोंड केलं आणि हाक मारली. "ह्योऽऽ… ये ये येऽऽ… ह्योऽऽऽ." शब्द असे नव्हतेच. खालून उठलेला तो सूर वर जाऊन जरा थांबला आणि मऊ होऊन परत फिरला. साहेबरावांच्या हातावर काटा आला. त्यांनी तो हात दत्तोपंतांना दाखवला. दत्तोपंतांनी बाही वर करून आपला दाखवला.

"हेच पाहिजे," साहेबराव म्हणाले.

ही हाक मुळात ज्यांच्यासाठी होती ते ती ऐकतील, अशी शंका कुणालाच आली नाही. येण्याचं कारणही नव्हतं. सोनाजींची मेंढरं तिकडे शहराच्या दुसऱ्या अंगाला बिडकीनच्या रानात आहेत, असं सृष्टीच्या डोक्यात होतं. पण बिडकीनला कारखान्यांसाठी कुंपणं पडली, चराई मिळेना, म्हणून सोनाजी आठवड्यापूर्वीच कळप घेऊन करमाडकडे सरकले होते. फोन त्यांनी केला नव्हता. रानात रेंज कुठं शोधायची, हाच प्रश्न होता.

रविवारी प्लॉटवर मांडव सजला. प्रवेशद्वारापासून व्यासपीठापर्यंत हिरवळीच्या गुंडाळ्या आणून आदल्या दिवशीच अंथरल्या होत्या. खांबाखांबाला झेंडूच्या माळा, पाहुण्यांसाठी पोहे आणि जिलेबी, कोपऱ्यात बँड. शफीकभाई भोंग्याची रिक्षा घेऊन सकाळीच रस्त्याला लागले होते. हाक, मजकूर, परत हाक, असा फेरा चालू होता.

दहा वाजले तरी माणूस नाही. बँडवाले पोहे खाऊन मोकळे झाले. साहेबराव सारखे घड्याळ बघत, मग दत्तोपंतांकडे बघत. सृष्टी साडीचा पदर बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. तिला धीर द्यावा म्हणून दत्तोपंतांनी तिच्यापुढं जिलेबीची बशी धरली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"पंत साब," शफीकभाई भोंग्याच्या आवाजावर ओरडत होते, "पब्लिक पीछे लगी है."

"लागली? किती आहेत?"

"गिनने में नै आते. पूरा रोड भरा है. मैं रुका तो रुकते, मैं चला तो चलते. पीछे गाड़ियां अटक गयीं, हॉर्न पे हॉर्न."

"सगळे पायीच?"

"हौ, पैदल. किसी के पांव में चप्पल नै."

अनवाणी लोक. दत्तोपंतांनी हात जोडले. त्यांनी साहेबरावांना सांगितलं. साहेबरावांनी बँडवाल्यांना उठवलं आणि फोन हातात घेतला. "शफीकभाई, पुढं कोण आहे?"

"आगे एक दाढ़ीवाला है. उसके गले में घंटी भी है. सब उसकेच पीछे चल रहे."

साहेबरावांनी फोन छातीशी धरला आणि आवाज खाली आणला. "पंत, कुणी महाराज भक्तांना घेऊन निघालेत वाटतं. घंटा वगैरे आहे. शाल काढा, श्रीफळ काढा. पहिला हार त्यांनाच."

"पण आपण तर त्यांना बोलावलं नव्हतं," दत्तोपंतांनी शंका काढली.

"आवाजानं बोलावलं. तुम्हीच म्हणाला होता."

दत्तोपंतांना वाटलं, खरंच, माणसानं स्वतःवर एवढा अविश्वास ठेवू नये. ते शाल घेऊन ताठ उभे राहिले. शेजारी साहेबराव हार घेऊन. बँड सुरू झाला.

चढावर आधी भोंगा दिसला, मग रिक्षा, मग धूळ. धुळीतून दाढीवाले बाहेर आले.

तो एक तगडा बोकड होता. त्याच्यामागं मेंढरं, मेंढरांमागं मेंढरं, आणि ती संपतात तिथून करमाडपर्यंत अडकलेल्या मोटारी. "ह्योऽऽ… ये ये येऽऽ," भोंग्यातून सृष्टी म्हणत होती आणि सगळी येत होती. बोकड सरळ साहेबरावांसमोर आला, थांबला, आणि त्यानं हातातला हार खायला घेतला.

"सर्जा!" सृष्टी ओरडली.

बोकडानं एकदा भोंग्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. रिक्षात एक आणि समोर दुसरी अशा दोन सृष्टी कशा, हे कोडं त्यालाच पडलं असावं. बाकीच्या कळपाला कोडं नव्हतं. समोर हिरवळ होती. साहेबरावांच्या डोळ्यांदेखत व्यासपीठाकडे जाणारा हिरवा रस्ता तपकिरी होत गेला. झेंडू संपला. एका मेंढीनं पोह्यांचं पातेलं शोधलं.

"भोंगा बंद करा," साहेबराव किंचाळले.

शफीकभाईंनी बंद केला, आणि ते वाईट झालं. हाक थांबताच हाक मारणारी कुठं गेली म्हणून मेंढरं खुर्च्यांमधून, कनातीखालून, बँडमधून तिला शोधू लागली. मोठा ढोल आडवा झाला. दत्तोपंत शाल उंच धरून खुर्चीवर चढले. शाल लोकरीची असल्यानं आपल्यावर काही वेगळा राग निघेल की काय, अशी त्यांना उगीच भीती वाटली.

एवढ्यात कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून सोनाजी आले. काठी हातात, पागोटं सुटलेलं. उतरताच त्यांनी मेंढरांकडे पाहिलंच नाही.

"माझी पोर कुठंय? रस्त्यानं हाका मारत चालली व्हती. म्हटलं, कुणी रिक्षात घालून पळवतंय का काय." मग त्यांना ती दिसली आणि ते मटकन खाली बसले. "अगं, तू इथं बसलीस, अन् तिथं कोण वरडत होतं?"

"आबा, ते रेकॉर्डिंग हाय. माझं पहिलं काम."

"ह्ये काम?" सोनाजींनी भोवताली बघितलं. "ह्ये तर तू घरी फुकट करत होतीस."

साहेबराव पुढं झाले. "ओ पाटील, काम राहू द्या. माझ्या हिरवळीचं काय? आधी ही जनावरं बाहेर काढा."

सोनाजींनी उठून काठी उगारली, शीळ घातली, शिव्या दिल्या. मेंढरांनी त्यांना ओळख दाखवली नाही. मागच्या मोटारींतून लोक उतरले होते, ते कुंपणापाशी गर्दी करून बघत होते. कुणी हसत होतं, कुणी "धरा, धरा" म्हणत होतं.

सृष्टी व्यासपीठावर चढली. तिनं माईक हातात घेतला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तो परत ठेवला. साडीचा पदर खोचून तिनं जिभेनं टाळूवर एक कोरडा आवाज केला आणि त्यामागून एक लांब, उतरता हुंकार सोडला. एवढंच.

मेंढरांच्या माना वर झाल्या. पोह्यांतली मान वर झाली. सर्जा वळला, आणि त्याच्यामागं सगळा कळप पाणी उतरावं तसा मांडवातून उतरला, शेजारच्या मोकळ्या रानात गेला आणि खाली बसला. एकही खुर्ची पडली नाही. कुंपणाशी कुणी हसत नव्हतं. दत्तोपंत खुर्चीवर उभेच होते. आपण टाळ्या वाजवतोय हे त्यांना शाल खाली पडल्यावर कळलं. मग इतरांनीही वाजवल्या.

साहेबराव मात्र हिरवळीच्या जागी उभे होते. "भरपाई कोण देणार, एवढं सांगा."

सोनाजी जवळ आले. "मालक, तुम्ही शेतकऱ्याचं पोर दिसता. रानात मेंढरं बसवली तर मालक धनगराला काय देतो?"

"ज्वारी देतो," साहेबरावांच्या तोंडून निघून गेलं.

"कशापायी?"

"खतापायी."

"मग खाली बघा."

साहेबरावांनी बघितलं. बघण्यासारखं बरंच होतं. "अहो, पण पाव तास तर होती."

"पण मन लावून होती," सोनाजी म्हणाले. "मला ज्वारी नको. पोरीला काम द्या, फिटलं."

साहेबरावांना नाही म्हणता येईना. शिवाय कुंपणाशी आलेले लोक उरलेली जिलेबी खात आत फिरू लागले होते, आणि दोघा-तिघांनी प्लॉटचा भाव विचारला होता. ते सृष्टीला म्हणाले, "वर्षभराच्या जाहिराती तुझ्या. पण रिक्षा शहराच्या हद्दीतच फिरवायची."

सृष्टी वडिलांकडे बघत राहिली. खरं उत्तर तिथून यायचं होतं. ती इथं राहिली तर मेंढरांनी कुणाचं ऐकायचं?

सोनाजी रिक्षाभोवती एक चक्कर मारून आले. भोंग्यावर त्यांनी टकटक करून पाहिलं. "पंत, ह्यातलं मला मोबाईलमधी भरून देता येतं का?"

"येतं की," दत्तोपंत म्हणाले.

"मग भरून द्या. येण्याची हाक, अन् आत्ताची बसायची. पोर राहू द्या इथं. जनावरं रान सोडून आली, माणसं बी येतील तिच्या आवाजाला." ते जरा संकोचले. "एक करा फक्त. हाकेमागं ते कुणीतरी लिहिलेलं लांबलचक हाय ना, ते कापून टाका. मेंढरं बावरतेत."

"हो, ते जरा लांबलंच आहे," दत्तोपंत म्हणाले.

संध्याकाळी सृष्टीनं दोन्ही हाका नव्यानं न मारता येण्याची जुनीच द्यायचं ठरवलं आणि फक्त बसायची तेवढी पुस्तकांच्या खोलीत मुद्रित केली. ती वर गेल्यावर दत्तोपंत एकटेच मजकूर कापत बसले. निसर्गाचं सान्निध्य गेलं, रम्य परिसर गेला, स्वप्नांचं साकार रूप गेलं. उरली ती हाक. नीट कापलं गेलंय ना, याची त्यांना नेहमीप्रमाणे खात्री वाटेना, म्हणून त्यांनी ती एकदा ऐकली. मग आणखी एकदा ऐकली. मग मोबाईल टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून, डोळे मिटून ऐकली.

"अहो, कुठं निघालात?" अनसूयाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"कुठं नाही."

"मग दारात उभं राहून चपला का घालताय?"