शकूमावशींचा चौकोन

शकूमावशी कपड्यांची घडी घालत नाहीत. गुंडाळी करतात. साडी असो, चादर असो की आमच्या ह्यांची इस्त्रीची पँट, मावशींच्या हातातून गेलेला कपडा मुळ्यासारखा लांबट आणि गोल होऊन परत येतो. आभाळ जरा काळवंडलं की आळीभर वाळत घातलेले कपडे त्याच धावत जाऊन काढतात, त्यामुळे आमच्या कान्हे गावात हा मुळा प्रत्येक घरी पोचलेला आहे. कुणी विचारलं तर म्हणतात, "कोपरं टोचत्यात."

चादरीचा कोपरा कुणाला टोचतो, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

चिक्कीचंही तेच. मी लोणावळ्याला एका हॉटेलात रिसेप्शनवर बसते, येताना कधीमधी चिक्की आणते. मावशी वडीचे चारही कोपरे कडाकड मोडून स्वतःच्या तोंडात टाकणार आणि मग उरलेला गोलसर तुकडा माझ्या अन्वीच्या हातावर ठेवणार. हा मला बरेच दिवस निव्वळ स्वार्थ वाटत होता.

मावशी आमच्या शेजारी एकट्या राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बायको-पोरांसह नाशकात. तेव्हा काळजी करायला घरात माणूस उरलं नाही आणि काळजीचा साठा तर तसाच पडून. तो सगळा आमच्याकडे वळला. सकाळी मी निघाले की, "लोकल चुकली तर? आन् घावली, पन बसाया जागाच न्हाई मिळाली तर?" पोचल्यावर फोन करायला उशीर झाला की त्यांचाच फोन येतो. "पोचलीस? मंग सांगाया नको? हितं जीव टांगनीला लागलाय!" त्यांचा जीव मी उभ्या जन्मात टांगणीवरून खाली उतरलेला पाहिला नाही.

मला हसायचा तसा अधिकार नाही. मीही त्याच जातकुळीतली. फरक इतकाच, की त्या बोलून दाखवतात आणि मला ॲसिडिटी होते.

तर अशात आमची अन्वी ओट्यावरून उडी मारताना पडली आणि गुडघ्यापासून खाली पाय प्लास्टरमध्ये गेला. दुसरीतली पोर. शाळेच्या बाई चांगल्या, म्हणाल्या, "मी रोज फोनवर कृती पाठवते, घरी करून घ्या." कृती म्हणजे ठसेकाम, कागदकाम, पानांची चित्रं, आकारांची ओळख. करून घेणार कोण? ह्यांची आंबी गावच्या कंपनीत शिफ्ट, माझी रजा संपलेली. मावशी पदर खोचून पुढे आल्या. "मी हाय की. गोल आन् तिरकोनच हाय ना, त्यात काय!"

पहिले काही दिवस झकास गेले. भेंडीचे ठसे काढायचे होते. "रंग पोटात गेला तर?" म्हणून मावशींनी बाजारचा रंग बंद केला आणि बीट किसून, हळद कालवून स्वतःचा केला. फुलांची नक्षी सुरेख उमटली. संध्याकाळी आमच्या ताटात जी भेंडीची भाजी आली, तिचा रंग मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. आंब्याच्या पानांचे मासे झाले. बांगडी ठेवून गोल गिरवले, त्याचे सूर्य झाले, भाकऱ्या झाल्या. त्रिकोणांची तर आख्खी डोंगररांग कापून भिंतीवर चिकटवली.

मी म्हटलं, "मावशी, त्रिकोणाला कोपरे असतात की. ते नाही का टोचत?"

"त्ये डोंगार हायेत. डोंगार कुनाला टोचला का कवा?"

पण चौकोन काही आमच्या भिंतीवर येईना. बाईंनी चौकोन पाठवला की त्या दिवशी हटकून मावशींचं डोकं दुखायचं, नाहीतर कात्री हरवायची. घडीकामाचे चौकोनी कागद पाठवले, तर अन्वीच्या हातात देण्यापूर्वी मावशींनी त्यांचे चारही कान कापून ठेवले.

मग बाईंनी व्हिडिओ कॉल केला. 'आकारांतून माझं घर' ही कृती होती. अन्वीने अभिमानाने कागद दाखवला. खाली मोठी भाकरी, वर डोंगर.

"अगं, आणि भिंती?"

"ह्याच भिंती. गोल आहेत, म्हणजे टोचत नाहीत."

बाईंनी पुस्तक वर धरलं. "बरं, याचा आकार कोणता?"

अन्वीने खूप विचार केला. "कान असलेला गोल."

बाई हसल्या नाहीत. संध्याकाळी मला फोन करून म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण घरी नीट करून घेतलं जात नाहीये. शनिवारी मी तिकडे येणारच आहे, स्वतः बघते." एवढंच म्हणाल्या, पण मला रात्रभर जळजळ. आधीच शाळा बुडालेली, त्यात हे. तळेगावला माझी नणंद आहे, मुलांच्या शिकवण्या घेते, अन्वीला ठेवून घ्यायला केव्हाची तयार आहे. सकाळी निघताना मी मावशींना स्पष्ट सांगून टाकलं. "शनिवारी बाईंसमोर तिला घर जमलं नाही, तर प्लास्टर निघेपर्यंत मी तिला तळेगावला ठेवणार. पुढचं पुढे बघू."

मावशींनी माझी पिशवी माझ्या हातात दिली. लोकल चुकली तर, हेसुद्धा म्हणाल्या नाहीत. तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं, पण गाडीची वेळ झाली होती.

शुक्रवारी मी अर्धाच दिवस काम करून परत आले. दारातून बघते तर अन्वी फरशीवर बसलेली, पाय उशीवर, हातात खडू. आणि मावशी लांब, पार स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या. दोन्ही हात पदरात गच्च गुंडाळलेले. तिथून त्यांचं शिकवणं चाललं होतं.

"सरळ जा. सरळ... अजून. आता वळ! वळ म्हनलं ना! आगं, कुटं चाललीस, थांब!"

फरशीवर चौकोनाऐवजी एक भलंमोठं वांगं तयार झालं होतं. अशी आणखी चार-पाच वांगी शेजारी पुसलेली दिसत होती. अन्वी रडवेली झालेली. "तू काढून दाखव ना आजी! एकदाच!"

"माजा हात नगं, बाळा. तुजं तू काढ."

माझं डोकं फिरलं. "मावशी, पोरगी रडतेय आणि तुम्ही तिथून मास्तरकी करताय? चार रेघा ओढायच्या आहेत फक्त. असं काय आहे त्या चौकोनात?"

मावशी म्हणाल्या, "ह्या आळीत कुनाचीबी हळद असू दे, पाटाखालचा चौक मीच काढायची. रांगोळीची रेघ अशी सरळ, की सुताराला दावावी. ह्ये गेलं, आन् वरसाच्या आत पुतन्याची हळद आली. मी आपली सवयीनं पाटाजवळ जाऊन बसले. जावंनं रांगोळीची वाटी सरकावली. निस्ती सरकावली. कुनी काय बोललं न्हाई. मला कळलं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

"तवापासनं हातानं चौकच करायचा न्हाई, असं ठरावलं. कापडाचा न्हाई, कागदाचा न्हाई. आन् ही तर आदीच पडल्याली पोर. तिच्याम्होरं माज्या हातचा चौक मांडायचा, आन् पायाला काय इपरीत झालं तर? न्हाई मांडला तर तू तिला तळेगावला न्हेनार. मी काय करू, तूच सांग."

मी माझ्याच हळदीचा चौक आठवायचा प्रयत्न करत होते. तो कुणी काढला होता? आणि कुणाला काढू दिला नव्हता? त्या दिवशी घरात माझ्या दोन विधवा आत्या होत्या. त्या कुठे बसल्या होत्या तेसुद्धा मला आठवत नव्हतं. लाज वाटली मला.

अन्वीला यातलं काही समजलं नव्हतं. ती प्लास्टरचा पाय ओढत, ढुंगणावर सरकत मावशींपर्यंत गेली. पदरात हात घालून तिने मावशींचा हात बाहेर काढला आणि त्यात खडू कोंबला. "आता नीट धर."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. इतकं घाबरलेलं माणूस मी फार कमी वेळा पाहिलंय.

"काढा, मावशी," मी म्हटलं. "माझी पोर आहे. मी सांगतेय, काढा."

त्या खाली बसल्या. हात फरशीला टेकला. पहिली रेघ सुतासारखी आली. मग दुसरी. चौकोन मिटला तरी हात थांबेना. त्याच्याभोवती दुसरा चौकोन, कोपऱ्याकोपऱ्यात वेली, मध्ये ठिपके, कडेने गोपद्मं. अन्वी त्यांच्या हाताला हात लावून बरोबर सरकत होती. संध्याकाळपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही.

शनिवारी बाई आल्या तेव्हा अन्वीने घर काढलं. चौकोनी भिंती, चौकोनी खिडक्या, दारात एक चौकोनी कुत्रा. बाई खूश झाल्या. तळेगावचा विषय संपला. मी मावशींना हाका मारायला बाहेर गेले, तर त्या नळापाशी उभ्या होत्या, रिकामी कळशी घेऊन. "पोरीला ताप न्हाई ना आला?" एवढंच विचारलं.

त्यानंतर त्यांनी आमचा पिच्छा पुरवला. सकाळी मी दार उघडायच्या आत हजर. "बोटं हलीव बघू. दुकतंय का? सुजलंय का?" दुपारी हॉटेलात फोन, मी पाहुण्यांना खोल्यांचे दर सांगत असताना. "बरी हाय ती, पन डाक्टर काय म्हनंल कुनाला ठावं." अन्वी एकदा शिंकली तर मावशी दिवसभर जेवल्या नाहीत. मी समजावलं, रागावले, शेवटी शपथा घातल्या. काही उपयोग झाला नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी आम्ही वडगावच्या दवाखान्यातून परतलो, तेव्हा त्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, हाड छान जुळलंय. मी सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी अन्वीला ओट्यावर बसवलं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत पाय चाचपून पाहिला. मग तिला चालायला लावलं. अन्वी चालली, थोडी लचकत, पण चालली. वळली आणि परत आली.

"कायबी झालं न्हाई," मावशी म्हणाल्या.

"नाही ना, मावशी. सांगत होते मी."

मला वाटलं, आता त्या हसतील, निदान पोरीवरून मीठमोहऱ्या तरी ओवाळतील. पण त्या ओट्यावर तशाच बसून राहिल्या, दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवून, आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

"मंग इतकी वरसं मी हात बांधून कशापायी बसले गं?"