नातेवाईक, असल्यास

आमचे साडू सुधाकरराव यांच्या धरमपेठेतल्या घरी जायचं, तर चपला काढण्याआधी रजिस्टरमध्ये सही करावी लागते. दाराशी स्टुलावर ते रजिस्टर असतं, दोरीने बांधलेलं पेन असतं आणि रकाने चार: नाव, येण्याची वेळ, प्रयोजन, जाण्याची वेळ. गेली कित्येक वर्षं मी प्रयोजनाखाली ‘पोहे’ असं लिहीत आलो आहे. एकदा नलूताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, उपमा केला होता. सुधाकररावांनी मला बशीसकट दारापर्यंत परत नेलं, दुरुस्ती करायला लावली आणि दुरुस्तीपुढे छोटी सही घेतली.

हा आजार त्यांना नोकरीतून जडला. ते एका संशोधन संस्थेत कारकून आहेत. बाहेरदेशाहून संशोधनाला येणाऱ्या ज्या लोकांचा विषय संवेदनशील असतो, त्यांना सुरक्षा मंजुरी लागते, आणि ती मागणारी फाइल सुधाकररावांच्या टेबलावरून वर जाते. वर म्हणजे कुठे, हे त्यांनी नलूताईंनाही सांगितलेलं नाही. मला वाटतं, त्यांनाही माहीत नसावं. संवेदनशील विषयांची सरकारी यादी असते म्हणे. सुधाकररावांची घरगुती यादी तिच्याहून मोठी आहे. तिच्यात त्यांचा रक्तदाब येतो, शेजारच्या बोअरची खोली येते, त्यांनी दाढीचा साबण बदलला तर तोही येतो. नलूताई फोनवर माझ्या बायकोला ‘आज भरली वांगी केली’ असं सांगू लागल्या, की आतून आवाज येतो, “हळू. विषय संवेदनशील आहे.”

माझ्या मुलीला काटोलचं स्थळ आलं, तेव्हा त्यांनी मुलाला अकरा पानी प्रश्नावली दिली. गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या देशांत गेला होता, असा एक प्रश्न होता. पोराने घाबरून ‘मध्य प्रदेश’ लिहिलं. कशासाठी? तर पचमढी बघायला. सुधाकररावांनी त्यापुढे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. लग्नाला दोन वर्षं झाली. जावई अजून त्यांच्या लेखी प्रलंबित आहे. माझ्या लग्नाच्या वेळी ते स्वतःच नोकरीत नवे होते, म्हणून मी सुटलो. माझी बायको ह्याला त्यांच्या कारकिर्दीतला एकमेव निष्काळजीपणा म्हणते.

अशा माणसापुढे इथिओपियाची हिरुत येऊन बसली. तिचा विषय होता सावनेरकडच्या कोळसा खाणींखालचं पाणी. खाण, पाणी, नकाशे आणि परदेशी नागरिक, सगळं एकाच फाइलीत. सुधाकररावांच्या घरी त्या दिवशी श्रीखंड झालं असेल, असा माझा अंदाज आहे. त्यांनी तिची फाइल एकदा आजीच्या माहेरच्या नावासाठी परत केली, एकदा वडिलांच्या सहीची वेलांटी मागच्या सहीशी जुळेना म्हणून, आणि एकदा ती फोटोत हसत होती म्हणून.

हिरुत मात्र चिवट. खाणीत उतरायला मंजुरी लागत होती, गावातल्या विहिरींना लागत नव्हती. तेवढ्या महिन्यांत ती सावनेरच्या आसपासच्या विहिरींवर पाणी मोजत फिरली आणि तिथल्या बायांकडून मराठी शिकून आली. एक दिवस सुधाकररावांच्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली, “काका, माहा कागद काहून अडकून राहिला जी?”

परदेशी नागरिक स्थानिक जनतेत फार खोलवर पोचला आहे, ही चिंतेची बाब आहे, असं त्यांनी त्या संध्याकाळी नलूताईंना सांगितलं. फाइल मात्र त्याच आठवड्यात वर गेली.

पुढच्या वर्षी हिरुत वसतिगृहात डेंग्यूने फणफणली. सुधाकरराव तिला ऑटोत घालून घरी घेऊन आले. आजारी परदेशी नागरिक निरीक्षणाबाहेर राहता कामा नये, असं त्यांनी मला समजावलं. मग निरीक्षण सुरू झालं. दर तीन तासांनी ताप टिपून ठेवणं, पाणी स्वतः उकळणं, स्वतः गाळणं. आयुष्यभर लोकांपासून माहिती लपवणारा हा माणूस डॉक्टरांशी भांडला, की प्लेटलेटचे आकडे मला अर्धवट काहून सांगता म्हणून. आठ दिवसांत ती बरी झाली. निरीक्षण काही संपलं नाही. दर रविवारी ती जेवायला येऊ लागली. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या नलूताईंनी तिच्याकडून चिरून घेतल्या आणि आल्यागेल्या बाईला ‘आमची हिरुत’ म्हणून दाखवली. ती नलूताईंना आई म्हणू लागली. सुधाकरराव काकाच राहिले. त्यांनी पदोन्नती मागितली नाही.

त्या दोघांना मूल नाही. आम्हा सगळ्यांच्या मुलांची ते कसून चौकशी करतात, ती बहुधा त्यामुळेच. आम्ही ती हसण्यावारी नेत आलो.

तर हिरुतची मुदत संपत आली. पावसाळ्यानंतरची शेवटची मोजणी राहिली होती आणि त्या मोजणीवाचून चार वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं. मुदतवाढीचा अर्ज तिने भरला. त्यात एक रकाना असतो: ‘भारतातील नातेवाईक, असल्यास तपशील.’ सगळे तिथे ‘निरंक’ लिहितात. तिनेही लिहिलं. सुधाकररावांनी ते वाचलं, लाल पेन काढलं, ‘निरंक’ खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘मानलेले आई-वडील’. खाली दोघांची नावं, धरमपेठेचा पत्ता. सोबत वेगळं पत्रही जोडलं, की अर्जदार माझी नातेवाईक असल्याने ही फाइल मी हाताळू नये.

मला हे कळलं तेव्हा मी कपाळ धरलं. मानलेलं नातं कुणी सरकारी कागदावर लिहितं का, असं मी त्यांना विचारलं.

“मग काय लिहू, दिलीपराव? नाही म्हणून?” ते म्हणाले. “खोटी माहिती आढळल्यास अर्ज बाद, हे बत्तीस वर्षं मीच लोकांना वाचून दाखवतो आहे.”

पुढच्या रविवारी चौकशीला एक तरुण अधिकारी आला. त्यालाही रजिस्टरात सही करावी लागली. प्रयोजन ‘चौकशी’. त्याने पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि विचारलं, नातं रक्ताचं की लग्नाचं? की दत्तक? दत्तक असेल तर कागद कुठे?

“तापात होती ना ती,” नलूताई म्हणाल्या.

“मॅडम, ताप म्हणजे नातं नाही होत.”

माणूस वाईट नव्हता. त्याच्या फॉर्मात नात्याचे तीनच प्रकार होते, चौथा नव्हता, इतकंच. त्याने नीट सांगितलं. हे असंच ठेवलं तर सगळी पडताळणी पहिल्यापासून, दोन्ही घरांची. त्यात काही महिने जाणार. पोरीची मुदत बारा दिवसांत संपते आहे, तिला परत जावं लागेल. तुम्ही दोघांनी, आमचं अर्जदाराशी नातं नाही, असं लिहून दिलंत तर फाइल उद्याच पुढे जाईल.

हिरुत दाराला टेकून उभी होती. “लिवून टाका ना काका,” ती म्हणाली. “कागदच तं हाय.”

सुधाकररावांनी चष्मा पुसला. मग अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, “अर्जदाराने आत जावं. निवेदन लिहून देताना अर्जदार समोर नसतो.”

असा नियम नाही. अधिकाऱ्याने ते सांगायला तोंड उघडलं, तेव्हा मी पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली. हिरुत चहा ठेवायला आत गेली. सुधाकररावांनी एका दमात, वळणदार अक्षरात लिहिलं: ‘माझे व माझ्या पत्नीचे अर्जदाराशी कोणतेही नाते नाही.’ सही केली. नलूताईंनी न वाचता सही केली आणि बोटाला शाई लागली नसताना पदराला बोट पुसलं.

मंजुरी वेळेत आली, मोजणीही झाली. पण त्या दिवशी ते कुणाला माहीत होतं? अधिकारी मूळ कागद घेऊन गेला आणि प्रत सुधाकररावांच्या हातात राहिली. त्यांनी तिची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं. मग माझ्याकडे वाकले. ऑफिसची मराठी कुठल्या कुठे गेली होती.

“दिलीपराव, तिले मराठी वाचता येते का?”

आदल्याच आठवड्यात आम्ही सगळे इतवारीत भांडी घ्यायला गेलो होतो. तेव्हा दुकानांवरच्या पाट्या हिरुतने मला एकामागून एक वाचून दाखवल्या होत्या, जोडाक्षरांसकट.

“नाही,” मी म्हणालो. “नुसती बोलते.”

“बरं झालं.” आतून चहाची हाक आली, तसे ते कागद टीपॉयवर उघडाच टाकून उठून गेले.

मी तो उचलला आणि खिशात घातला. अजून माझ्या कपाटात आहे. फाइलीतली टाचणी हरवली तरी दोन दिवस शोधणाऱ्या सुधाकररावांनी त्या कागदाची चौकशी आजवर केलेली नाही.