सुखदेवकाकांची डबल बेल

आमच्या गल्लीत सूर्य उगवला की डबल बेल होते. टण टण! कोंबड्याचा नेम चुकेल, ही बेल चुकायची नाही. बुलढाण्याजवळच्या धाड गावच्या शाळेत बदली होऊन आले, त्या पहिल्याच सकाळी मी अंथरुणातून ताडकन उठले. वाटलं, एसटी घरात शिरली.

एसटी नव्हती, शेजारचे सुखदेवकाका होते. जन्मभर कंडक्टरकी करून रिटायर झालेला हा माणूस स्लॅबवर उभा राहून सूर्यनारायणाला गाडी सोडायची परवानगी देत होता. स्लॅबवर सोलरचे दोन पॅनल. पॅनलच्या लोखंडी पायाला भंगारातून आणलेली एसटीची बेल. बेलची दोरी झरोक्यातून खाली स्वयंपाकघरात उतरलेली, ओट्यावरून गेलेली आणि पार अंगणात निघालेली. ओट्याच्या बरोबर वर दोरीला एक लाल चिंधी बांधलेली. दोरी घरातून कशाला नेली म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "गाडीत दोरी डायवरपासून मागच्या शिटापर्यंत जाते, मॅडम. अर्धी दोरी कोनी पाह्यली काय?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. सातवीपर्यंतचं, पण विज्ञानच. त्यामुळे गल्लीत कोणी वायरीला हात लावला की माझी जीभ वळवळते. काकांनी घरच्या घरी बॅटरी बांधायला घेतली तेव्हा तर मी दिवसातून तीनदा सल्ला द्यायला जात होते. ते तीनदाही ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "बरं. आता तुमचं पुस्तक झालं असन तं तो पाना द्या इकडं."

रेडिमेड काही आणायचं नाही, असा त्यांचा हट्ट. "रेडिमेड डब्ब्यात कोन बसलं हाय ते दिसते काय? आपल्या गाडीतले पाशिंजर आपल्याले ठाऊक पाह्यजे." पार्सलातून लिथियमचे आठ सेल आले. विटेएवढे, निळे. काकांनी खडूनं प्रत्येकावर शीट नंबर टाकला, दोन फळ्यांच्या मधे त्यांना दाबून बसवलं आणि वरून बोल्ट आवळले. सेलांवर नजर ठेवायला एक लहानशी सर्किटची पट्टी असते. एखादा सेल जास्त भरला किंवा फार उतरला की ती सगळी लाइनच तोडते. काकांनी तिचं नाव ठेवलं चेकर. "हा बसला की कोनाची हिंमत नाही बिनातिकिटाची," असं म्हणून त्यांनी चेकरला हळदकुंकू वाहिलं. मी कपाळाला हात लावला.

मग तिकिटं. घरातल्या प्रत्येक यंत्राला काकांनी पुठ्ठ्याचं तिकीट दिलं होतं. फ्रिजला पूर्ण, पंख्याला हाफ, टीव्हीला फक्त बातम्यांपुरतं. मिक्सर म्हणजे लगेज. लाइट गेल्यावर गल्लीतले लोक मोबाइल चार्ज करायला यायचे, तर हे दारात आडवा हात धरून उभे. "गाडी फुल हाय! मागून दुसरी येऊन राह्यली!" मागून कुठली दुसरी येते, बाप्पा? पण माणसं हसत परत जायची.

आणि या सगळ्या गाडीत एकच शीट रिझर्व्ह. स्वयंपाकघरातला बल्ब. त्याच्या तिकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शेवटपर्यंत'. बाकी सगळे उतरले तरी चालतील, संध्याकाळी लाइट गेल्यापासून परत येईपर्यंत तो बल्ब विझता कामा नये, याच्यासाठी हा सगळा खटाटोप. बल्ब तरी कसा? लग्नाच्या मांडवात शोभेल असा, आणि टांगलेला माणसाच्या तोंडासमोर. त्याच्याखाली चहा प्यायला बसलं की पोलीस चौकीत जबाब द्यायला बसल्यासारखं वाटायचं. "काका, एवढा उजेड कायले? भाकरीले काय चष्मा लावून पाह्यता?" मी म्हणायचे. "तुमाले नाही समजाचं," एवढंच उत्तर.

त्यांच्या घरात अजून एक गोष्ट मला समजत नव्हती. काकांचे तिघे भाऊ जवळच्याच खेड्यात शेती करतात. तिघांच्याही मिशांवर लिंबू ठरेल. एकटे काका रोज सकाळी ओठ घासूनपुसून गुळगुळीत करतात. भाऊ चिडवतात, "आमच्यातला हा एक सिनेमाचा हीरो निघाला." काका म्हणतात, "मिशीत धूळ बसते."

आणि सुमनकाकू, म्हणजे काकांच्या सौ. त्यांना जरा कमी ऐकू येतं, इतकं गल्लीला माहीत होतं. बाकी गप्पांना बाई खमकी. पण बोलताना तोंडाकडे अशी टक लावून बघायची की मला दर वेळी वाटायचं, दातात मेथी अडकली. मी घरी जाऊन आरशात बघायचे. दारावरून हाक मारली तर मात्र ओ द्यायची नाही. मनात म्हणायचे, आहे जरा शिष्ट.

तर भांडण झालं ते दिशेवरून. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून बसवायचे असतात, हे माझ्या सहावीच्या पोरांनाही पाठ आहे. काकांनी बसवले पूर्वेला. सकाळी झकास करंट, दुपार कलली की पॅनल नुसते स्लॅबवर पहुडलेले.

"काका, दक्षिणेले करा ना तोंड! थंडीत सूर्य दक्षिणेकडून जाते."

"जाऊ द्या. मी नाही जात."

"काऊन पण?"

"दक्षिणेले कोन राह्यते, मॅडम?"

"कोन?"

"यम."

मी हसले. खूप हसले. स्टाफरूममध्ये सांगून हसवलं. बॅटरीला लिथियम पाहिजे, चेकर पाहिजे, मोबाइलवर करंटचा आकडा पाहिजे, आणि पॅनल फिरवायला यमाची परवानगी! काका माझ्यावर रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "तुमी हसा. मी त्या मानसाच्या दारासमोर मंडप टाकनार नाही."

डिसेंबर आला. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, वीज सगळी शेतातल्या पंपांकडे, त्यामुळे गावातली लाइट संध्याकाळी हमखास जाणार. त्यातच तीन दिवस आभाळ भरलेलं. आणि नेमकं आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन. नाचणाऱ्या मुलींची लुगडी माझ्याकडे इस्त्रीला, आणि दुपारपासूनच लाइट गायब. मी गठ्ठा उचलला आणि सरळ काकांकडे गेले.

"काका, एक तिकीट द्या. इस्त्रीचं."

काकांनी मोबाइलवरच्या आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, लुगड्यांकडे पाहिलं. "इस्त्री म्हनजे अख्खं बिऱ्हाड हो," ते पुटपुटले. मी काही हलले नाही. "लेकरांचं काम हाय," मी म्हटलं. हे म्हटलं की या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मला ठाऊक होतं. मी चांगले दोन तास इस्त्री केली. काकांनी गुपचूप फ्रिज बंद केला, पंख्याचं तिकीट फाडलं आणि टीव्हीची पिन काढली. मला ते दिसत होतं. तरी मी शेवटच्या पदराची घडी पडेपर्यंत थांबले नाही.

सात वाजता मी भरीत घेऊन गेले, जरा वरमूनच. काकू ओट्याशी भाकरी थापत होत्या आणि काकांना झापत होत्या. "ऐकलं का? त्या तुमच्या भावाले सांगा, लिंबं कच्ची तोडत जाऊ नका..." काका बल्बखाली पाटावर बसून तोंड वर करून उत्तर देत होते. मी पाट ओढला, आणि बल्ब गेला. चेकरनं लाइन तोडली होती.

काकू वाक्याच्या अर्ध्यात थांबल्या. भाकरीची थाप थांबली. "अहो?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जरा घाबरून, "अहो?"

काका माझ्यापासून हातभर अंतरावर होते. ओ दिली तर गल्ली जागी होईल असा त्या माणसाचा गळा. पण त्यांनी ओ दिली नाही. चाचपडत उठले, ओट्यावरची काडीपेटी शोधली आणि काडी ओढली. मला वाटलं, दिवा लावतील. त्यांनी ती काडी स्वतःच्या तोंडापाशी धरली. ओठांच्या अगदी जवळ.

"हाय मी. इथंच हाय," ते म्हणाले. हळू, एकेक शब्द फोडून. "भाकर उलथ. करपून राह्यली."

काकूंनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि भाकर उलथली. काडी बोटापर्यंत आली, काकांनी दुसरी ओढली. "लिंबायचं सांगतो त्याले." तिसरी ओढली. "मॅडमनं भरीत आनलं." तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. धडपडत मोबाइलचा टॉर्च लावला आणि काकांच्या तोंडावर धरला.

जेवणं झाल्यावर काका मला सोडायला अंगणात आले. बोटं फुंकत होते.

"काकूले काहीच ऐकू येत नाही?"

"काहीच नाही. अकरा वर्सं झाले. बुलढान्याच्या दवाखान्यात महिनाभर ताप व्हता. ताप गेला, कान घेऊन गेला." मग पुन्हा बोटं फुंकून म्हणाले, "तिनं लोकायले कळू देलं नाही. तोंडाकडं पाहून व्होट वाचते. माहे तं अंधूक उजेडात बी वाचते, पन उजेड पाह्यजे. लाइट गेली की लोकायच्या घरी पंखा बंद होते, मॅडम. माह्या घरी मी बंद होतो."

मी त्यांच्या गुळगुळीत ओठाकडे पाहत राहिले. धूळ म्हणे!

"अन् यम?"

"त्या महिन्यात तो खाटेपाशी येऊन बसलाच व्हता की. म्या पाह्यला त्याले. आता पुन्हा त्याच्याकडं तोंड करून बोलावू काय?"

मला रडू आलं. स्वतःचा रागही आला. विज्ञान शिकवते म्हणे मी, आणि रोज समोर बसलेली बाई माझ्या दातातली मेथी बघते असं समजत होते. "काका, माह्या इस्त्रीनं घात केला," मी म्हटलं. "तुमच्या इस्त्रीनं नाही," ते म्हणाले. "आकडा म्या पाह्यला व्हता. माह्या भेवानं घात केला."

दुसऱ्या दिवशी डबल बेल झाली नाही. वरून नुसती ठोकाठोक ऐकू येत होती. मी दात घासतच काकांच्या स्लॅबवर गेले. काका पाना घेऊन वाकलेले, आणि दोन्ही पॅनल तोंड फिरवून बसलेले. थेट दक्षिणेकडे.

"काका! अन् तो आला तं?"

काकांनी शेवटचा बोल्ट आवळला, कपाळावरचा घाम पुसला आणि दक्षिणेकडे, पार रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकली.

"येऊ द्या ना. उजेड राह्यला तं दारातच दिसन. म्या सांगन त्याले, गाडी फुल हाय. मागून दुसरी येऊन राह्यली."

मग त्यांनी दोरी दोनदा ओढली. टण टण! मी वाकून झरोक्यातून खाली स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्याच्या वरची लाल चिंधी दोनदा हलली. काकूंनी पिठाचा हात तसाच ठेवून वर बघितलं आणि अख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजात ओरडल्या,

"ऐकलं हो!"