चरा पडला तर मिशी उतरवीन!

"माझ्या मशीनवर एक जरी चरा पडला ना, तर ही मिशी उतरवीन!"

पार्सल ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, टेबलावर थाप मारून जपूनराव हे बोलून गेले. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तर असेल. पण ज्याच्या घरी रिमोटला प्लॅस्टिक, प्लॅस्टिकला कापडी पिशवी आणि त्या पिशवीलाही जुन्या उशीचा अभ्रा, त्याला लोक दुसरं काय म्हणणार?

झालं होतं असं, की पार्सल पोचवणाऱ्या सगळ्यांना हातात मावणारी नवी मशीनं मिळाली होती. गिऱ्हाइकानं स्क्रीनवर स्टायलसनं, म्हणजे बिनशाईच्या पेनानं, सही करायची की काम फत्ते! स्टायलस हरवू नये म्हणून ती तारेच्या दोरीनं मशीनलाच बांधलेली. जुन्या मशीनांवर इतके चरे पडले होते, की सही कुणाचीही असो, कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखीच दिसायची.

"सोमवारी मी प्रत्येकाची स्क्रीन तपासणार," ऑफिसच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या. त्यावर जपूनरावांची ही प्रतिज्ञा.

"ऐका रे सगळे!" भोंगा ओरडला. हा त्यांचा सहकारी. याला एखादी गोष्ट हळू सांगितली तरी ती चार गल्ल्यांना ऐकू जायची. "मिशी पणाला लागलीय!"

आणि मिशी काय साधी होती! लग्न ठरताना सासूबाईंनी आधी मिशी पसंत केली होती, मग मुलगा. जपूनराव स्वतःवर खूश झाले की हात आपोआप मिशीवर जायचा. मग हातात चहाचा कप असो नाहीतर झाडू.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांचे हाल सुरू झाले. फरशीवाल्याच्या हाताला भुकटी दिसली.

"आधी हात धुवा!"

"अहो, पार्सल माझंच आहे ना?"

"पार्सल तुमचं, स्क्रीन माझी!"

पुढच्या दारात निवृत्त हेडमास्तरीणबाई. त्यांनी आयुष्यभर फळ्यावर खडू मोडले होते. त्या स्टायलस अशी रोवून सही करायला लागल्या, की जपूनराव मध्येच धावले. त्यांनी बाईंचा हातच धरला.

"हळू, बाई, हळू! गोंजारल्यासारखी करा!"

"हात सोडा आधी! माझी सही चाळीस वर्षं अशीच आहे!"

शनिवारी मॅडमनी बोलावलं. "तुमच्याबद्दल काय तक्रारी आहेत, ठाऊक आहे? एकाला तुम्ही हात धुवायला लावलेत, एकीचा हात धरलात आणि एकाला सही करताना श्वास रोखून धरायला सांगितलंत!"

"थुंकी उडते, मॅडम."

"पुन्हा एकही तक्रार आली, तर तुम्ही गोदामात बसाल. कळलं?"

आता आली का पंचाईत! गिऱ्हाइकाला आवरायचं नाही आणि चराही पडू द्यायचा नाही. जपूनराव मशीन घेऊन घरी गेले आणि रविवारी संध्याकाळी त्यांना युक्ती सुचली. माणसं बदलत नाहीत ना? मग स्टायलसचं टोकच मऊ करायचं!

कापूस लावून पाहिला, तो सुटून आला. चपलेचं रबर लावलं, तर रेघ उमटेना. शेवटी त्यांनी चष्म्याच्या डबीतली मखमल कातरली.

"अहो, माझी डबी!" बायको ओरडली.

"अगं, नवी आणू! इथं अब्रूचा प्रश्न आहे!"

मखमलीचा तुकडा झटपट चिकटणाऱ्या गोंदानं टोकावर बसला. थोडा गोंद बाहेर ओघळला, पण तिकडे बघतो कोण? त्यांनी हलकेच स्क्रीनवर सही केली. वा! लोण्यावरून सुरी फिरावी तशी स्टायलस फिरली. चरा नाही, आवाज नाही!

"बघ! याला म्हणतात डोकं!" असं म्हणून जपूनराव खुशीत आले आणि त्यांचा हात मिशीवर गेला.

स्टायलससकट.

हात खाली आला. स्टायलस आली नाही.

"अगं... जरा इकडे ये."

बायको आली. पाहते तो मिशीला स्टायलस, स्टायलसला दोरी आणि दोरीच्या टोकाला मशीन, हनुवटीखाली झोके घेतंय!

"हे काय केलंत हो?"

"हसू नकोस! ओठ ताणला जातोय. आधी मशीन धर, आपटलं तर चरा पडेल!"

तेल झालं, साबण झाला, कोमट पाणी झालं. बायकोनं ओढून पाहिलं, तेव्हा जपूनरावांनी अशी किंकाळी फोडली, की मुक्कामाला आलेल्या सासूबाई आतल्या खोलीतून धावत आल्या. त्यांनी जावयाकडे नीट निरखून पाहिलं.

"जावईबापू, हे फोनवर बोलायचं नवीन तंत्र का हो?"

"आई, तू कात्री आण," बायको म्हणाली.

"दोरी काप, दोरी!" जपूनराव कळवळले.

"तार आहे ती. आणि दोरी कापली तरी स्टायलस मिशीतच राहील. ओवाळू का तिला?"

उजवी बाजू गेली. नुसती डावी ठेवून पाहिली, पण आरशातला माणूस स्वतःच घाबरला. मग डावीही गेली. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. जपूनरावांनाही खरोखर रडू आलं. पण स्क्रीनवर चरा नव्हता! पैज तर जिंकली होती!

सोमवारी ते ऑफिसात शिरले आणि भोंगा वाजला.

"उतरली! मिशी उतरली! म्हणजे चरा पडला!"

सगळे गोळा झाले. मॅडमही बाहेर आल्या. "काय हो, पडला ना शेवटी?"

'नाही' म्हणायला जपूनरावांनी तोंड उघडलं. मग पुढचा प्रश्न त्यांना दिसला: चरा नाही, तर मिशी कुठं गेली? मशीन मिशीला लटकलं होतं, हे भोंग्यासमोर सांगायचं? निवृत्तीच्या समारंभात, हार घालतानासुद्धा तो तेच सांगेल!

"पडला, मॅडम," ते म्हणाले.

"दाखवा."

"जरा... पुसून आणतो."

ते कपाटामागे गेले. मशीन पोटाशी धरलं. काचेसारखी लखलखीत स्क्रीन! त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली, डोळे मिटले, आणि कर्रर्र! जिवाचं पाणी पाणी झालं.

मॅडमनी चरा पाहिला. त्यांचा चेहरा मऊ झाला. "एवढ्याशा चऱ्यासाठी मिशी? शब्दाला जागणारी माणसं राहिलीत कुठं! आजपासून सगळ्यांची मशीनं तुम्ही सांभाळायची."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत मोठ्या टाळ्या भोंग्याच्या. जपूनरावांची छाती फुगली, हात ऐटीत वर गेला, आणि नुसत्या ओठावरून फिरून गुपचूप खाली आला.