शिळ्या पाण्याचा शनिवार

तुमच्याकडे पाणी शिळं होतं का? आमच्या धारवाडात, केलगेरीच्या गल्लीत होतं. बरोबर सहाव्या दिवशी. नळाला पाणी सहा दिवसांनी येतं, म्हणून पाण्याचं आयुष्यही तेवढंच. नवं पाणी येणार म्हटलं की जुनं ओतायचं, पिंप घासायचं आणि मग भरायचं. आमचे हे एकदा म्हणाले, "धरणात वर्षभर साठलेलं पाणी ताजं आणि आपल्या पिंपात सहा दिवस राहिलेलं शिळं, हे कसं काय?"

मी म्हटलं, "धरणाला झाकण असतं का?"

त्यावर त्यांनी पिंप घासायला घेतलं. (माझं उत्तर बरोबर होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.)

तर गेल्या महिन्यात आमच्या मुलाचं, लोकेशचं लग्न जवळजवळ ठरलं. मुलगी शुभांगी, हुबळीची. तिला मुलगा पसंत, मुलाची नोकरी पसंत. अडलं ते तिच्या आईपाशी. लीलाताई राहतात तिथे नळाला चोवीस तास पाणी. फोनवर त्या स्पष्टच बोलल्या, "माझ्या पोरीला पाणी भरायची सवय नाही हो. शनिवारी दुपारी येते. घर बघते, पाणी बघते, मग सांगते."

हिशेबाने त्या शनिवारी आमचा पाण्याचा सहावा दिवस येत होता. मी मनाशी एवढंच ठरवलं की लीलाताई येतील तेव्हा घरातलं एकूण एक भांडं ताज्या पाण्याने काठोकाठ भरलेलं असलं पाहिजे.

शनिवारी सकाळी दहा वाजता सत्याप्पा सायकलवरून गल्लीत शिरला. आमच्या भागाचा व्हॉल्व्ह तोच सोडतो. त्याची ती लांब लोखंडी चावी सायकलला बांधलेली दिसली की आमच्याकडे बायका पदर खोचतात. त्या दिवशी ती सगळ्यांत आधी मला दिसली. मी फाटकातूनच ओरडले, "नीर बंतु! पाणी आलं गं, पाणी आलं!"

पुढच्या वीस मिनिटांत अख्ख्या गल्लीने शिळं पाणी काढलं. पायऱ्या धुतल्या, अंगणं धुतली, रस्ता धुतला. मी तर दोन पिंपं, चार कळश्या, एवढंच काय, फिल्टरमधलंही ओतलं. (होणाऱ्या विहीणबाईंना शिळं कसं पाजायचं?) गटार नदीसारखं वाहू लागलं.

तेवढ्यात सत्याप्पा परत आला. पँट वर धरून, पाण्यातून वाट काढत.

"काय अक्का, आज कसला सण?"

"सण कसला? तू व्हॉल्व्ह सोडलास ना?"

"आज? आज नीर इल्ला, पाणी नाही. आज माझी सुट्टी आहे."

"मग चावी कशाला घेऊन फिरतोस?"

"घरी ठेवली तर बायको म्हशीची खुंटी करते. पाळी एक दिवस पुढे गेलीय, उद्या सकाळी, साडेसहा ते साडेसात. कालच ग्रुपमध्ये टाकलंय. तुम्ही अंगठा दिलाय की त्याच्यावर!"

दिला होता. मी सगळ्यालाच अंगठा देते. वाचत नाही. बाकीच्या बायकांनी वाचलं होतं, पण अक्का एवढी ओरडतेय म्हणजे वेळ बदलली असेल, असं त्यांना वाटलं. त्यानंतर गल्ली मला काय काय बोलली, ते इथे लिहीत नाही.

समोरची दुर्गव्वा तेवढी शांत होती. तिचं पिंप भरलेलं होतं. "तू ओरडलीस ना, म्हणून थांबले," ती म्हणाली. "तुझी बातमी असली की अर्धा तास वाट बघायची, हे मला ठाऊक आहे." एवढं ऐकवून तिने मला एक कळशी दिली. शिळ्या पाण्याची.

बारा वाजता लीलाताई रिक्षातून उतरल्या आणि ओल्या रस्त्याकडे बघतच राहिल्या.

"अगंबाई! रस्तेसुद्धा धुता तुम्ही? आणि लोक म्हणतात, धारवाडला पाणी नाही!"

आमचे हे म्हणाले, "आज जरा जास्तच झालं."

मी त्यांना लगबगीने घरात घेतलं. लग्न ठरत होतं. पण लीलाताई म्हणाल्या, "पाय धुऊन येते हं," आणि थेट मोरीत गेल्या. त्यांनी नळ फिरवला. नळ दोनदा खोकला आणि थांबला. त्यांनी पिंपाचं झाकण उचललं, कळशी उचलली, दुसरी कळशी उचलली.

मग मला सांगावंच लागलं. चावी, म्हैस, अंगठा, सगळं.

"सगळं ओतलंत?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"फिल्टरमधलंसुद्धा?"

"तेसुद्धा."

लीलाताई मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. आता उठतील आणि रिक्षा बोलावतील, असं मला वाटलं. त्या हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. आमच्याकडे चोवीस तास पाणी येऊन इतकी वर्षं झाली, पण मी अजून रोज दोन पिंपं भरते. बंद झालं तर? आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतते. शुभांगी रोज भांडते माझ्याशी."

"मग तिला सवय नाही म्हणालात ते?"

"ते म्हणायचं असतं हो."

दुर्गव्वाच्या पाण्याचा चहा त्यांनी दोनदा घेतला. निघताना म्हणाल्या, "ह्यांच्याशी बोलून उद्या सकाळी कळवते."

रात्री झोपण्यापूर्वी मी पिंपं पुसून नळाखाली लावली. नळ मात्र घट्ट बंद केला. एक थेंबही वाया जायला नको, शोभा व्हायची ती झालीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला लीलाताईंचा फोन आला. लग्न पक्कं झालं. मग तारीख, कार्यालय, जेवण, हुबळीची माणसं, धारवाडची माणसं, असं एकेक निघत गेलं. लोकेश आणि हे माझ्या दोन्ही बाजूंना फोनला कान लावून उभे होते. गल्लीतून त्या दिवशी मला कुणी हाक मारली नाही. मी फोन ठेवला तेव्हा पावणेआठ झाले होते आणि नळाचं पाणी गेलं होतं.